भाषणात सगळं येईलच

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. निमित्त तसंच आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की दहावी-अकरावीच्या मुलग्यांसाठी एक भाषण करायचंय. विषय नाजूक. ऐन तारुण्यात पुरुषांना होणारा एक कॅन्सर, तोही नेमका त्या जागी. म्हणाल्या, तुमच्याइतका मोकळा माणूस स्टाफमध्ये दुसरा नाही.

खरंच आहे. बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. प्रजननाचा धडा मी दरवर्षी स्वाध्यायाला देतो, ते वेगळं. मुलांना स्वतः वाचायची सवय लागावी एवढाच हेतू. मुलं मागून मला 'स्वाध्याय सर' म्हणतात. प्रेमानं म्हणतात.

भाषण २० तारखेला. संकल्प असा की आडपडदा न ठेवता बोलायचं.

९ जानेवारी, संध्याकाळ

माहिती वाचून काढली. गाठ येते, बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून मुलं गप्प बसतात. वेळेत दाखवलं तर बहुतेक जण ठणठणीत बरे होतात. वाचून फार हळहळलो. काय ते आईबाप, ज्यांना पोरं एवढंही सांगू शकत नाहीत! हा मुद्दा भाषणात घ्यायचाच.

लिहीत असतानाच चिरंजीव आले. वय सोळा, आमच्याच शाळेत अकरावीला. म्हणाला, बाबा, एक विचारायचं होतं, तुमच्या त्या भाषणातलंच आहे. आंघोळ करताना हाताला काहीतरी लागतंय, एवढं बोलून थांबला. मी लगेच सांगितलं की शंका भाषणानंतर. भाषणात सगळं येईलच. शिक्षकाच्या मुलाला घरी वेगळी शिकवणी, हे मला पटत नाही. बरं म्हणाला आणि गेला. समंजस पोरगा, माझ्यावर गेलाय.

१९ जानेवारी, सकाळी ६.१०

बाथरूमच्या आरशासमोर रंगीत तालीम. सगळं झकास. त्या अवयवाचं नाव तेवढं घशातच अडकलं. दोनदा पुटपुटलो. बाहेरून हिनं विचारलं, आत कोणाशी बोलताय. नळ सोडला. नाव इथेही लिहीत नाही. रोजनिशी कोणाच्या हाती पडली तर उगाच गैरसमज.

२० जानेवारी

भाषण रद्द. हॉलला रंग देतायत. मी बाईंना म्हटलं, वर्गात घेतो. हळू म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. तसाही वर्गात तो माहोल जमत नाही. आता ३ फेब्रुवारी.

संध्याकाळी चिरंजीवांनी विचारलं, झालं का. नवी तारीख सांगितली. त्यानं कॅलेंडरवर तिच्याभोवती पेननं गोल काढला. विषयाची काय ही गोडी! बहुतेक डॉक्टर होणार.

३ फेब्रुवारी

घसा बसला. खरोखर बसला, कोणी काही म्हणो. दुपारी फोनवर केबलवाल्याशी भांडताना थोडा सुटला, पण तोवर उशीर झाला होता. पुढची तारीख १७.

पीटीचे सर म्हणाले, तुमचा मुलगा पंधरा दिवस फुटबॉलला आलेला नाही. हीसुद्धा म्हणते, पोरगं गप्प गप्प असतं, जरा विचारा ना. मी म्हटलं, हे वयच तसं असतं.

१७ फेब्रुवारी

भाषण झालं! एकंदर यशस्वी.

पुरुषाच्या शरीराचा मोठा तक्ता लावला होता. शोभायला हवं म्हणून मी ती जागा आधीच खाकी कागद चिकटवून झाकली होती. पाऊण तास सगळी पोरं त्या कागदाकडेच बघत होती. म्हणजे लक्ष होतं. मी म्हटलं, शरीरात काही अवयव जोडीनं असतात. एकानं विचारलं, डोळे का सर? मी म्हटलं, खाली. दुसरा म्हणाला, किडनी. मी म्हटलं, अजून खाली. तिसरा म्हणाला, गुडघे. एवढ्यात कोणीतरी हसलं आणि मी घाईत पुढच्या मुद्द्यावर गेलो. शेवटी आभार मानताना पीटीच्या सरांनी सगळ्यांना बजावलं की आठवड्यातून एकदा गुडघे चाचपून पाहा. टाळ्या कडकडून पडल्या.

चिरंजीव तिसऱ्या रांगेत वही उघडून बसला होता. काही लिहिलं नाही. शेवटी त्यानं हात वर केला. मी बघितला. पण घंटा व्हायला जेमतेम चार मिनिटं होती, म्हणून उरलेल्या शंका स्वाध्यायाला दिल्या.

२१ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं, आज मुलाशी बापासारखं बोलायचं. दोघं मैदानावर फिरायला गेलो. पहिल्या फेरीत अॅडमिशनवर बोललो, दुसरीत त्याच्या बुटांवर. तिसरीत तोच म्हणाला, बाबा, गाठ दुखत नसली तर?

मी म्हटलं, दुखत नाही ना, मग चांगलंच आहे.

हे कसं गेलं तोंडातून? पाठ करून ठेवलेला पहिलाच मुद्दा होता. मला तिथेच सगळं कळलं होतं. बुटाची नाडी बांधायला खाली बसलो, बराच वेळ बांधत बसलो. घरी येऊन हिला सांगणार होतो. ही भाजी चिरत होती. हातात सुरी असताना कशाला, म्हटलं नंतर सांगू.

२२ फेब्रुवारी

ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. एका विद्यार्थ्याबद्दल विचारतोय म्हणालो. ते म्हणाले, आजच्या आज पाठवा, थांबू नका. घरच्यांना कळवतो म्हटलं.

उद्या नक्की.

२३ फेब्रुवारी

पेपर तपासायचे होते.

२४ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

शाळेतून आलो तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि निरोप, दोघं हॉस्पिटलमध्ये आहेत. हिला फोन लावला तेव्हा कळलं, त्यानं सकाळी चहा पिताना आईला सांगितलं. एका वाक्यात. हिनं कप तसाच ठेवला आणि रिक्षा बोलावली. मला फोन का नाही केला विचारलं, तर म्हणाली, तुमचा तास चालू होता ना.

सोनोग्राफी झाली. उजव्या वृषणात गाठ आहे. लिहिलं. लिहायला काहीच लागलं नाही.

२६ फेब्रुवारी, हॉस्पिटल

सर्जनबाई तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाल्या, उद्या सकाळी ऑपरेशन. एक वृषण काढावं लागेल, दुसऱ्यावर सगळं नीट चालतं. छातीपोटाचा स्कॅन आज होईल. पसरलेलं नसावं अशी आशा आहे, पण आत्ताच शब्द देत नाही. मग त्याला विचारलं, कधीपासून लागत होती गाठ. तो म्हणाला, जानेवारीपासून. त्या म्हणाल्या, अरे, मग घरी सांगितलं का नाहीस?

तो म्हणाला, बाबांचं भाषण व्हायचं होतं.

रागानं नाही म्हणाला. खरं तेच सांगितलं. डॉक्टरांना काही उमगलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं बोलून पोट भरतोय, आणि मी फाइलमधले कागद क्रमानं लावायला घेतले.

मग त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा तपासते, आईबाबा थांबले तरी चालेल. चिरंजीव म्हणाला, आई थांबू दे. बाबा, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला उगाच अवघड होईल.

बाहेर बसलोय.