आप्पा, तुमच्या भिंतीला भोक पाडलं

ती. आप्पांना,

तीर्थरूप लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रिय लिहायला हात धजला नाही.

आज सकाळी अकरा वाजता तुमच्या भिंतीला भोक पाडलं. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत, तुमच्या खाटेच्या उशाशी, करंगळीएवढं. मी स्वतः उभी राहून पाडून घेतलं. तुम्हाला हे कोणीतरी सांगायला हवं आणि तुमच्या थोरल्याची, राजेंद्रची, काही छाती होत नाही. ड्रिल सुरू झालं तसा तो भाजी आणायच्या निमित्ताने कॅम्पात निघून गेला. भाजी कालच आणली होती. म्हणून मीच लिहायला बसले.

तीन वर्षं मी हे एवढंसं भोक मागत होते. आठवतंय ना?

घरात इंटरनेट घेतलं तेव्हा वायर खिडकीतून आत आली आणि तो पांढरा डबा खिडकीशीच बसला. पुढच्या खोलीत सगळं छान चालायचं. मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की संपलं. तिथे साध्या फोनलासुद्धा रेंज नाही. वायर आत नेऊन मधल्या खोलीत दुसरा डबा लावू, असं मी त्याच दिवशी म्हटलं होतं. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "भिंतीला हात लावायचा नाही."

झालं! विषय संपला. तुमच्या घरात विषय असेच संपायचे.

या घरात खिळा मारायलाही बंदी. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, घड्याळ कपाटावर. तुमचा फोटोसुद्धा चार महिने कपाटावर टेकवून ठेवलाय, कारण त्यासाठी खिळा कोणी मारायचा? फोटो जरा तिरका बसतो. तसाच राहू द्या.

आणि का ही भिंतीची एवढी मिजास? मला माहीत आहे. मी होते तेव्हा. लग्न होऊन सहा महिने झाले होते माझ्या. तिकडे लष्कराच्या मैदानावर तोफांचा सराव सुरू झाला की आपल्या कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या, आणि भिंतींना भेगा पडत होत्या. म्हणून भेगा तोफांमुळेच पडतात, हे तुम्ही ठरवून टाकलंत. गवंडी बिचारा सांगत होता, "सर, खाली काळी माती हे. ती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती. पायाचं बघा आधी." तुम्ही त्याला विचारलंत, तुला तोफा ऐकू येत नाहीत का? शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलीत आणि गवंड्याला बांधकाम शिकवायला निघालात!

मग कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती बारीक तारेची जाळी भेंडोळ्यांनी आणलीत. सगळ्या भिंतींचं प्लास्टर खरवडून, दोन्ही बाजूंनी जाळी ठोकून, वरून नवीन प्लास्टर. दीड महिना माझ्या भाकरीत वाळू लागत होती. तीन आठवडे तुम्ही स्वतः नळी धरून भिंतींना पाणी मारत होतात. आल्या-गेल्या पाहुण्याला भिंतीवर थाप मारून दाखवायचात. पुढच्याच उन्हाळ्यात भेगा परत आल्या. त्या दिवसापासून तुम्ही भेगांकडे बघणंच सोडून दिलंत.

राजेंद्रने एकदा रेंज वाढवायचं यंत्र आणून बोळातल्या सॉकेटला लावलं. तुम्ही जाता-येता त्याचं बटण बंद करायचात. वीज खातं म्हणे. मी चालू करायची, तुम्ही बंद करायचात. एका शब्दाने आपण कधी त्यावर बोललो नाही. शेवटी ते यंत्रच बिघडलं. आणि दसऱ्याला काय केलंत? शिवणयंत्र, स्कूटर आणि सुरी-विळीसोबत त्या पांढऱ्या डब्यालाही हळदकुंकू वाहिलंत, झेंडूचा हार घातलात. पूजा करायला तयार, पण डबा दोन हात आत सरकवायला नाही! ही कसली भक्ती आप्पा?

मी हे सगळं विसरूनही गेले असते. घरोघरी सासरे हट्टी असतात. पण मग चैत्रातली ती सकाळ आली.

डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, आता जवळच्यांना बोलवून घ्या. तुमचे धाकटे, नितीन भाऊजी, कॅनडात. तिकिटं मिळाली तरी दोन दिवस लागणार होते. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. तुमची ती लोखंडी खाट पट्ट्या सोडवल्याशिवाय दारातून बाहेर निघत नाही, आणि तुम्हाला उचलून पुढच्या खोलीत आणावं तर श्वास लागत होता. मग मी उंबऱ्यावर उभी राहिले. एक हात पुढच्या खोलीच्या बाजूला, फोन दोन बोटांत, मान तुमच्याकडे. फोन तुमच्याकडे वळवला की चित्र थांबायचं. परत मागे घेतला की हलायचं. भाऊजींचे ओठ हलत होते, आवाज तुटक तुटक येत होता. एकही शब्द धड कळला नाही.

तुम्ही विचारलंत, "काय म्हणतोय तो?"

मी काय सांगणार होते? भाऊजी दर रविवारच्या फोनवर पहिल्यांदा जे विचारतात तेच ठोकून दिलं. म्हटलं, विचारतायत, जेवलात का. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "जेवलो म्हणावं."

दोन दिवस तुमच्या पोटात अन्न नव्हतं. आणि मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले होते. दुपारी तुम्ही गेलात. खोटं तेवढं माझ्यापाशी राहिलं, आणि ते मी कोणालाही सांगितलं नाही.

भाऊजींना आता येऊनही तुम्ही दिसणार नव्हतात. ते आले नाहीत. दहाव्याला रामकुंडावरून राजेंद्रने त्यांना फोनवर सगळं दाखवलं. तिथे उघड्यावर कशी रेंज! पिंड दिसला, गुरुजी दिसले, कावळासुद्धा दिसला. कावळा पटकन शिवला तशा तुमच्या बहिणी म्हणाल्या, आप्पांची काही इच्छा राहिली नव्हती. मी पदराआड तोंड दाबून उभी होते. खोटारडा कावळा, असं मनात आलं माझ्या.

त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "घाटावरून सगळं दिसतं आणि घरातून आप्पा दिसत नाहीत, हे कसं वहिनी? तुम्ही दिवसभर घरात असता. एवढं एक नीट करून घेता आलं नाही?"

राजेंद्र शेजारीच होता. त्याने एकदाही सांगितलं नाही की ही तीन वर्षं मागत होती. गेलेल्या बापाचं नाव कसं घ्यायचं! आणि मी? मीही गप्प बसले. तुमचा दोष मी पदरात घेतला आणि त्या दिवसापासून भाऊजी माझ्याशी बोलायचे थांबले. रविवारी फोन यायचा तो राजेंद्रच्या फोनवर, आणि राजेंद्र तो घेऊन ओट्यावर जायचा. पंधरा वर्षं ज्या दिराच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी करून मी कॅनडाला पाठवली, त्याने मला तुमच्या आणि त्याच्या मध्ये उभी असलेली बाई ठरवलं. माझं काय चुकलं होतं, आप्पा? सांगा ना आता!

शेवटी गेल्या आठवड्यात मीच इंटरनेटवाल्याला बोलावलं. सिन्नरकडचा माणूस, चार शब्दांत काम सांगणारा. आज ड्रिल आत गेलं आणि करकरत अडकलं. त्याने छिन्नीने तळहाताएवढं प्लास्टर उडवलं. आत तुमची जाळी. गंजलेली, पण जागच्या जागी. तो हसला. "ताई, रेंज कशी येईल? तारेची जाळी हे सगळीकडं. रेंजला आत शिरायला जागाच नाय. घर नाय, पिंजरा केलाय. काम मात्र लय मजबूत."

मी खाटेवर बसून घेतलं. मला वाटत होतं, जाड भिंत आहे, जुनं घर आहे, नशीब आहे. तुमच्या जाळीने भेग एक अडवली नाही. अडवलं ते तुमच्या धाकट्या लेकाला. तुम्ही स्वतः नळी धरून, तीन आठवडे पाणी मारून, त्याचा रस्ता बंद केलात!

अर्ध्या तासात वायर आत आली, दुसरा डबा लागला. तो माणूस गेला आणि मी तिथूनच, तुमच्या खाटेवरून, भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्यांच्याकडे मध्यरात्र होत आली होती. वाटलं, उचलणार नाहीत. उचलला. मी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. फोन भिंतीकडे वळवला, जाळी दाखवली आणि सगळं सांगितलं. तीन वर्षांचं मागणं, बोळातलं बटण, सगळं. तुमची बाजू एका शब्दाने घेतली नाही.

मग ती सकाळ सांगितली. माझं खोटंही सांगितलं. म्हटलं, तुमचा शब्द कळला नाही भाऊजी, म्हणून मी आपलं सांगितलं, जेवलात का विचारतायत. तर आप्पा म्हणाले, जेवलो म्हणावं.

भाऊजींचं चित्र थांबलं. डोळे स्थिर, तोंड अर्धवट उघडं. अगदी तस्संच. मी हॅलो हॅलो करत डब्याकडे धावले. त्याचे दिवे सगळे हिरवे होते.

इंटरनेट अडकलं नव्हतं, आप्पा. तेच हलत नव्हते.

मग म्हणाले, "वहिनी, मी तेच विचारत होतो."

पुढे आम्ही दोघांनीही फोन चालू ठेवला. त्यांनी तुमची खाट बघितली, कपाटावरचा तिरका फोटो बघितला. एकदाही चित्र तुटलं नाही. त्या सकाळी हे एवढंसं भोक असतं तर तुम्ही एकमेकांना धड बघितलं असतंत. मधे मी लागलेच नसते. याचा राग माझा जाणार नाही. तुम्ही गेलात म्हणून जाईल असं वाटत होतं, उलट वाढला.

भाऊजी वर्षश्राद्धाला येणार आहेत. तोवर ते उडवलेलं प्लास्टर मी भरून घेणार नाही, शब्द देते. त्यांनी जाळीला बोट लावून बघू दे. त्या दिवशी तुमच्या पानावर आधी मी वाढीन, चांगलं पोटभर, आणि वाढताना या वेळी खरंच विचारीन. मग गवंड्याला बोलावून, तुम्हाला न विचारता, या भिंतीत तुमच्या फोटोसाठी खिळा मारून घेईन.

तुमच्यावर अजून चिडलेली,
तुमची थोरली सून
वैशाली