दादाला घरात घ्यायचं

इंद्रायणी वहिनी,

रडून रडून तुमचा आत्ताच डोळा लागला, म्हणून उठवलं न्हाई. मस्कतहून दादाची पेटी मुंबईला येऊन राह्यली, मी आणायला निघालो.

भुजंगकाका म्हणतील, बाहेर मेलेला माणूस उंबऱ्याच्या आत घेत नसतेत, सरळ मसनात न्या. बिलकुल ऐकू नका. हे घर दादानं तिकडं राबून बांधलं, अन् एक रातही त्यात झोपला न्हाई. काय बोलायचं ते माझ्याशी बोला म्हणावं.

मधल्या खोलीतला पलंग काढून घोंगडी अंथरा. मेंढरामागं होतो तवा आम्ही एकाच घोंगडीत झोपायचो. थंडीत तो सगळी माझ्यावर घालायचा अन् सकाळी मलाच म्हणायचा, "सगळी ओढली की रे चोरा!"

एक रात त्याला घरात झोपू द्या. मंग सकाळी सगळ्या गावानं न्यावं.

राधाकिसन