न अडखळता वाचलेलं पत्र

सोम. ६ जाने.
शमू, वही माझी, पण मला अक्षर येत नाय, म्हणून शेवटी वाचणार तूच. तुझ्या डोक्याचा भरवसा नाय. दोन वर्षं पायी फिरायच्या कामाला निघालास अन् बूट घरी विसरलास. म्हणून मी सांगते, तुझी आई मार्था लिहिते. आल्यावर "आज्जे, मधी काय झालं?" विचारायचं नाय. वाचायचं.

आज शमूचा फोन आला, सोमवारीच घरी बोलायची मुभा असते त्याला. तोंड दिसलं. पांढरा सदरा, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. हैदराबादेत शिकायला गेला अन् तिथं मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती मंडळीत गेला. मी आपली जुन्या चर्चची. एकवीस वर्षांचं पोरगं, त्याला तिकडं एल्डर म्हणतात, म्हणजे वडील. मिशीला अजून जोर नाय. चहासुद्धा सोडला, त्यांच्यात चालत नाय म्हणे. मी म्हणलं, "उस्मानपुऱ्यातलं माणूस बिनचहाचं देवाचं सांगत फिरतंय, कोण ऐकल रे?" लई हसला. हसता हसता खोकला. दोनदा.

मंडळीनं राजमहेंद्रीत ठेवलंय, दारोदार देवाचं सांगायला. गोदावरी तिथं समुद्रासारखी दिसते म्हणे. म्हणलं, पैठणवरूनच येतंय ते पाणी, आमचं उष्टं पितोस.

सोम. १३ जाने.
फोन नाय. मोबाइलवर पत्र. शेजारची जुबेदा आपा दर सोमवारी ऐकायला येते, तिला शमूच्या गोष्टी सिरियलपेक्षा गोड लागतात. वाचायचं काम मार्थाचं. तो मराठी लिहितो इंग्रजी अक्षरांत, त्यामुळं ही खडकावरून बैलगाडी जावी तशी वाचते. दोन शब्द पुढं, एक मागं. आपा म्हणाली, "अगे मार्था, अल्ला के वास्ते एक लाइन तो सीधी पढ."

पत्रात: अंग कणकणतंय. जोडीदार राव यानं रसम करून पाजलं. तो तिकडचाच पोरगा. दोघांनी कायम जोडीनं राहायचं, एकट्यानं कुठं जायचं नाय, असा त्यांचा नियम. बरा नियम. खाली नेहमीचं: "आज्जे, दात लावून जेव."

गुरु. १६
मार्था शाळेच्या ऑफिसातून दुपारीच घरी. डोकं दुखतंय म्हणाली. मग गॅलरीत उभी राहून फोनवर हिंदीत बोलली. 'सलाईन' ऐकू आलं. विचारलं तर म्हणे शेजारणीचं. शेजारीण म्हणजे आपा. आपाला विचारलं, ती ठणठणीत, कांदे निवडत बसलेली.
लिही गं मार्था, तुझंच आहे, लाजू नको.

सोम. २०
फोन नायच. पत्र आलं म्हणे, लांब. शमू बरा आहे. नदीवर गेला होता. एका म्हातारीनं जेवू घातलं. आज्जीला प्रभूमध्ये सलाम.
आपा खूश. "आज तो रेडियो के सरीका पढी!"
आपा गेली, आता लिही. मार्था एकदापण अडखळली नाय. अन् पत्र लांब असलं की ती अंगठ्यानं वर सारत सारत वाचते. आज मोबाइल मांडीवर, अंगठा जागच्या जागी.
मला वाचता येत नाय. पण वाचणारं माणूस मी सत्तर वर्षं बघतेय.
पेन कामून थांबलं, मार्था? लिही.

मंगळ. २१
माझ्या आईचं सांगते. पोलिस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, मी एवढीशी. बाप हैदराबादेत गिरणीत. पत्र आलं की आई गावातल्या मास्तरकडं जायची. "खुशाल आहे, नाताळाला येतो." आई घरी येऊन दळायला बसायची, गाणं म्हणायची. बाप त्याआधीच, पावसाळ्यात, तापानं गेलेला; शेवटचं पत्र गिरणीवाल्यांचं, त्यात तेच होतं. मास्तर भला माणूस. त्याच्यानं सांगवेना. आईनं मेलेल्या माणसासाठी नवं धोतर घेऊन ठेवलं.
आईनं पुढं मास्तरला माफ केलं. मी नाय.

मार्थानं हे पान लिहिलं. मग भाकरी करपवली.

शुक्र. २४
जेवताना म्हणलं, "शमूचं पत्र परत वाच."
"आई, मोबाइल चार्जिंगला लावलाय."
"मग तोंडपाठ म्हण. तुझंच आहे."
ताटावरच रडली.

शमू चौदा तारखेपासून दवाखान्यात आहे. ताप उतरत नाय. परवापासून माणूस ओळखत नाय. राव उशाशी बसलेला असतो, तोच फोन करतो. बुधवारीच म्हणाला, निघून या.
"मग गेली का नाय?"
"तुमचं छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणले धक्का नको. तुम्हाला काय सांगून जाऊ, आई?"

तुझा बाप गेल्यापासून घरात आपण तिघंच, शमू. त्यातली एक दुसरीला जपत बसली अन् तिसरा तिकडं. तीन दिवस. ते माझ्या नावानं गेले. हे पण लिही. खोडू नको.

शनि. २५, सकाळ
रावचा फोन. मी कानाला लावून मागितला. पोराचा आवाज बारीक झालेला. "दादी, आंटी को जल्दी भेजो." शमू कसा आहे, विचारत होते. मागं कोणतरी तेलुगूत जोरात बोलत होतं. फोन बंद.

दुपारच्या गाडीनं मार्था निघते. आपा माझ्याकडं राहायला येणार. तिला उर्दूच लिहिता येतं. पुढची पानं उलटीकडून सुरू झाली तर शमू, डोकं खाजवत बस.

आपा आली, पिशवी भरतेय. मार्था, रडून झालं असेल तर लिही अन् तसंच घे. जुना तांदूळ शेरभर. सुंठ. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. तिखटाचा कणसुद्धा शमूच्या पिशवीत नको. धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात, ती रावची. उशाशी बसणाऱ्याला जेवायचं कुणी विचारत नाय. शमूची पेज पातळ कर, चमच्यानं ओठातून जाईल एवढी. अन् घास उतरला का ते मला त्याच्या तोंडून ऐकव. तू वाचून दाखवू नको.