घरात बूट चालत नाहीत

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी फिजिओ मॅडमकडे गेलो. ब्रेस मिळाला. पांढरं प्लास्टिक, तळपायाखालून पोटरीपर्यंत, वर वेल्क्रोचे पट्टे. मणक्यातली नस दबल्यापासून डावं पाऊल उचललं जात नाही, पुढून लोंबतं. ब्रेस ते वर धरून ठेवतो. मॅडम म्हणाल्या, काका, हा बुटातच घालायचा. नुसतं प्लास्टिक फरशीवर घसरतं. घरात वावरतानासुद्धा बूट हवा. मी हो म्हणालो. हिला घरात बूट चालत नाहीत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.
महिन्याभरात ब्रेस सुटेल असं मी म्हणालो. मॅडम वेल्क्रोचे पट्टे आवळत राहिल्या. म्हणजे त्यांनाही तसंच वाटत असावं.

५ फेब्रुवारी, बुधवार
बूट आणले. ब्रेस मावावा म्हणून एक नंबर मोठे. डावा मोठा आणि उजवा नेहमीचा असा जोड मिळेल का, विचारलं. दुकानदार म्हणाला, साहेब, मग उरलेला जोड मी कोणाला विकू? मुद्दा बरोबर. उजव्या बुटात कापूस कोंबला. आता डावा पाय नीट पडतो, उजवा लंगडतो. प्रगती आहे.
बूट दाराबाहेर, रॅकवर.
दुपारी लेकीचा फोन. मी पॅसेजमध्ये पडलो होतो ते खालच्या वहिनींनी तिला सांगितलं. तिचं म्हणणं असं: सोळा तारखेला येते, घरात चालून दाखवा. नाही जमलं तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे राहायचं. म्हणालो, धावून दाखवतो. म्हणाली, बाबा, चाला फक्त.
हे घर सोडणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
निश्चय: रोज हॉल ते स्वयंपाकघर, कशाला न टेकता. घरात नुसता ब्रेस, बूट नाही. ही गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल, म्हणून काय नियम बदलायचे? शिवाय मॅडमची सूचना सर्वसाधारण पेशंटसाठी आहे.
आज भिंतीला हात लागला. टेकलो नाही. भिंत मध्ये आली.

११ फेब्रुवारी, मंगळवार
थंडी. सराव नाही. सरावाला विश्रांतीही लागते.
खालच्या वहिनी वर आल्या. म्हणाल्या, भाऊजी, सकाळी तुमचं पाऊल फट् करून आपटायचं, ते ऐकून आम्ही चहा ठेवायचो. आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून बघायला आले.
ब्रेसचा गुण. चाल अगदी निःशब्द झाली आहे. दिवसभर खुर्चीत असतो, ते सांगायचं राहिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडमनी विचारलं, घरात बूट घालता ना? म्हणालो, सवय होतेय. खोटं नाही. न घालण्याची होतेय. त्यांनी ब्रेस उलटा करून पाहिला. म्हणाल्या, मग तळ इतका कसा घासला, काका? म्हणालो, नवे बूट आहेत, चावत असतील.
रविवारची काळजी नाही. झोप मात्र नीट लागत नाही. गादी बदलायला हवी.

१६ फेब्रुवारी, रविवार
लेक आली. जावई गाडी लावत होते. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो होतो, अगदी आरामात. म्हणालो, बस, चहा मी आणतो. वळणावर डावा पाय माझ्याआधी स्वयंपाकघरात पोचला. मी खाली बसलो. म्हणजे पडलो. फार लागलं नाही.
ती रागावेल असं वाटलं होतं. ती शेजारी फरशीवर बसली आणि बूट का घातले नाहीत ते विचारलं. मी म्हणालो, हिला घरात बूट चालत नाहीत.
ती म्हणाली, चालत नव्हते, बाबा.
व्याकरण तिचं बरोबर आहे.
जावई आत आले, आम्हा दोघांना खाली बघून म्हणाले, चहा इथेच घ्यायचा का?
जाताना लेकीने बाहेरचे बूट झटकून माझ्या पलंगाशी आणून ठेवले. म्हणाली, घरात हे घालणार असाल तर राहा इथे. नाही तर पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येते. आईला काय सांगायचं ते मी बघते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
उठलो. पलंगावर बसून ब्रेस चढवला, त्यावर बूट घातले. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. पाऊल कुठे अडकलं नाही. दारात थांबलो.
कोणी ओरडलं नाही.
मग चहा ठेवला. मागे फरशीवर बुटांचे ठसे दिसत होते. मॉप ओला करून हॉलपर्यंत पुसत आलो. वळून पाहिलं तर ओल्या फरशीवर नवे ठसे, पुसणाऱ्याचे.
परत पुसलं. या वेळी मागे मागे सरकत.