परत दिलेला डबा

३१ जुलै, गुरु.
अश्विनीचं सुपरव्हिजन, म्हणजे तिच्या समुपदेशनावर माझी देखरेख. कंग्राळीची पोर, आमच्या समुपदेशन डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, हुशार. तिच्याकडं येणारी उचगावची बाई (नाव इथंही लिहायचं नाही, नुसतं सु.) गेल्या वर्षी मुलगी वारल्यापासून गप्प होती, हल्ली बोलायला लागलीय. आज तिनं अश्विनीसाठी डबा आणला. भाकरी, झुणका. अश्विनीनं हात जोडून परत दिला, 'घेता येत न्हाय आक्का, नियम हाय.' सु.नं डबा पिशवीत घातला आणि वेळ संपायच्या आधीच उठली.
अश्विनीला शाबासकी दिली. दुपारी वर्गात हेच उदाहरण, नाव न घेता. सगळ्यांनी लिहून घेतलं.

७ ऑगस्ट, गुरु.
सु. आली नाही. अश्विनी पन्नास मिनिटं रिकाम्या खुर्चीसमोर बसून. तिला समजावलं, हा प्रतिकार. जवळीक वाढली की माणूस मागं सरतं. बोलताना माझं मलाच बरं वाटलं.

९ ऑगस्ट
फायली तपासत होते. अश्विनीची जूनची टिपणं. सु.चं वाक्य: 'पोरगी गेल्यापासनं चुलीला हात लावला न्हाय. जाऊबाईच करून वाढती.' खाली लाल रेघ. समासात 'महत्त्वाचं'. अक्षर माझं.
म्हणजे तो डबा वर्षभरानंतरचा पहिला स्वयंपाक होता. आणि आम्ही तो भरलेला परत...
आमच्यात रिकामा डबासुद्धा तसाच धाडत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. आई असती तर चपलेनं मारलं असतं. वीस वर्षं लोकांना ऐकायला शिकवतेय मी. जेवण गेलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरु.
आजही नाही. अश्विनी उचगावला जाते म्हणाली, नको म्हटलं. फोन मीच केला. जावेनं उचलला. 'ती कुठं येत न्हाय आता. चूल परत माझ्याकडंच हाय.' तिला द्या म्हटलं, तर झोपलीय. सकाळचे अकरा वाजले होते.
अश्विनीला लाल रेघ दाखवली. चूक माझी, तुझी नाही, म्हटलं. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.
'तुमीच सांगितलं व्हतं मॅडम. पण हात माझा व्हता.'
तिच्यापुढं रडू आलं. राजीनामा लिहायला बसले, दोन ओळींवर थांबले. त्यानं सु.च्या घरात काय पेटणार आहे?

२० ऑगस्ट, बुध.
शनिवारी चिठ्ठी धाडली होती: गुरुवारची दहाची वेळ तुमचीच आहे. उत्तर नाही. येईल असं वाटत नाही, खरं सांगायचं तर.
अश्विनीनं निघताना विचारलं, आलीच, आणि डबा आणलाच तर?
घे, म्हटलं. तिच्यासमोर उघड आणि खा.
वरातीमागून घोडं. उद्यासाठी दोन खुर्च्या मांडून ठेवायला सांगितल्यात.