चिंचेनं घासलेला कप

बाबा,

परवा ऑफिसच्या एका कार्यक्रमासाठी मुंबईत एका मोठ्या हॉटेलात गेले होते. तिथे खाली गोल्फच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या आणि एका काचेच्या कपाटात तुमचा कप होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या कपाटासमोरून घरी आल्यापासून मला तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहितेय.

गावची शेतं नव्या शहरासाठी सरकारनं घेतली तेव्हा बाकीचे चहाच्या टपऱ्या टाकत होते, रिक्षा घेत होते. तुम्ही बसमध्ये बसून खाडीचा पूल ओलांडलात आणि साहेबांच्या गोल्फच्या पिशव्या वाहायला लागलात. सोमवारी मैदान बंद असायचं, त्या दिवशी पिशव्या वाहणाऱ्या कॅडींना खेळायची मुभा होती. असल्या सोमवारांवर तुम्ही खेळ शिकलात, साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी. चाळिशी उलटल्यावर कुणीतरी म्हणालं, परीक्षा दे, व्यावसायिक हो. झालात. पहिल्याच मोसमात भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणलेत. मोसम संपल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात तुमच्यासाठी फोन आला की वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान तुम्हाला मिळालाय.

आईनं विचारलं, "नवोदित म्हंजे काय ग?"

"नवीन उगवलेला," मी म्हटलं.

तिनं तुमच्या पांढऱ्या होत चाललेल्या डोक्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आन् ते आता उगवलं?"

तुम्हीही हसलात. तुम्ही इतकं मोकळं हसलेलं मला नंतर आठवत नाही.

बक्षिसांच्या संध्याकाळी एकाला सोबत न्यायची परवानगी होती. आई म्हणाली, "मना नको ते काटे-चमचे, पोरीला न्या." मी तेव्हा महाप्याला एका कंपनीत नुकतीच कॉम्प्युटरवर बसायला लागले होते, म्हणजे घरातली इंग्रजी जाणणारी मीच. अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही वाशीच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला निळा ब्लेझर घातलाय, बाह्या थोड्या लांब आहेत, आणि तुम्ही सारखे त्या मागे सरकवताय. आधी मोठी बक्षिसं झाली, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, सगळ्यात कमी सरासरी फटक्यांचा खेळाडू. मग निवेदक म्हणाला, आता भेटूया आजच्या तरुण चेहऱ्याला, आणि तुम्ही उठलात. सभागृहात हशा झाला. तुम्ही हात जोडलेत आणि कप घेतलात. मला त्या हसणाऱ्यांचा राग आला होता, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघून तो गिळला.

कप फिरता होता. वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या वर्षी नव्या विजेत्याच्या हातात स्वतः द्यायचा, अशी रीत. त्याच्या पोटावर आधीच्या विजेत्यांची नावं वर्षांसकट होती, हातानं छिन्नीनं खोल कोरलेली. तुमचं सगळ्यात खाली, त्याच संध्याकाळी आयोजकांनी मशीननं ओढून दिलेलं, बारीक. तुम्ही ते बोटानं वाचायचात. कप टीव्हीवर बसला. अख्खं गाव बघून गेलं. "याच्यान पानी पितान काय?" असं एका म्हाताऱ्यानं विचारलं, तर तुम्ही खरंच त्याला त्यातून पाणी पाजलंत.

आणि तुम्ही तो घासायला लागलात. आजी तांब्या-पितळेची भांडी घासायची तसा, चिंच आणि राख लावून. चांदीच तर आहे, असं आपल्या सगळ्यांना वाटत होतं. आधी सणावारी, मग दर आठवड्याला. दुसरा मोसम सुरू झाला आणि तुमची कंबर गेली. एवढी वर्षं खांद्यावर वाहिलेल्या पिशव्यांनी आपलं देणं वसूल केलं म्हणा. गोल्फमध्ये पहिल्या दोन दिवसांनंतर मागे राहिलेल्यांना घरी पाठवतात, उरलेले शनिवार-रविवार खेळतात. तुम्ही शनिवारी घरात दिसलात की आई एक मूठ तांदूळ जास्त टाकायची. तुम्ही जेवायचात आणि कप घेऊन मोरीपाशी बसायचात. जितके शनिवार घरी, तितकं घासणं जास्त. त्या वर्षी तुम्ही जवळजवळ सगळे शनिवार घरी होतात.

मोसम संपत आला तेव्हा कप पिवळा पडला होता. चांदीचा नुसता मुलामा होता, तो तुम्ही घासून घासून काढला होता आणि खालचं पितळ उघडं पडलं होतं. तुम्ही हबकलात. तुमचा चेहरा असा झाला जणू कुणाचं तरी लेकरू सांभाळायला घेतलं आणि हरवलं. मी म्हटलं, महाप्याला मुलामा देणारे आहेत, चला. पत्र्याच्या शेडमध्ये, ॲसिडच्या वासात, साताऱ्याकडचा एक कारागीर होता. त्यानं कप फिरवून पाहिला. "काका, आदी बफ मारावा लागंल, मशीनवर घासून. मग चांदी चडवतो. परवा या."

तिसऱ्या दिवशी गेलो. कप लखलखत होता. तुम्ही तो हातात घेतलात, सवयीनं बोट खाली नेलंत आणि ते तिथंच थांबलं. वरची सगळी नावं होती. तुमचं नव्हतं.

कारागीर ओशाळला. "लय वरवर व्हतं ओ, काका. बफमदी गेलं. कोरून देऊ का? पाच मिंटाचं काम हाय."

"नको," तुम्ही म्हणालात.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसची वाट बघताना मी विचारलं, का नको म्हणालात? ट्रकांची धूळ उडत होती. तुम्ही कप पिशवीत छातीशी धरला होता.

"आपला नाव आपुनच कोराचा? गोल्फमदी आपला कार्ड पन आपुन लिवत नाय, पोरी. आपले फटके दुसरा लिवतो, आपुन खाली सही करतो. दुसऱ्यानं लिवला तरच ता खरा."

"मग?"

"बगतील ना. त्यांच्या ध्यानात येल. तेच लिवतील."

मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता, बाबा. पुढे माझ्या मुलांनाही मी ही गोष्ट अनेकदा सांगितली, खरेपणाची म्हणून.

दुसऱ्या वर्षीच्या त्या संध्याकाळी तुम्ही तोच ब्लेझर घातलात. नवा विजेता वीस-एकवीसचा, हसरा, चांगला मुलगा. कप देताना तुम्ही तो मुद्दाम असा धरलात की रिकामी जागा लोकांकडे येईल. मी खालून बघत होते. फोटोवाला म्हणाला, "सर, जरा फिरवा, नावं दिसू द्या." तुम्ही फिरवलात. टाळ्या झाल्या. जेवण झालं. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

मग तुम्ही वाट बघितलीत. तोवर आपल्या घरीच फोन बसला होता. तो वाजला की तुम्ही मान वर करायचात, आणि माझ्यासाठी किंवा आईसाठी असला की परत खाली घालायचात. पुढे तुमचं खेळणं सुटलं, तुम्ही पुन्हा पिशव्या उचलायला गेलात, तेही कंबरेनं फार दिवस करू दिलं नाही. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात भेटायला आलेल्यांना आई सांगायची, यांचा नाव चांदीच्या कपावर हाय. तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात. तिला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मीही नाही.

तर परवा मी काचेला नाक लावून पाहिलं. तुमच्या आधीचं नाव आहे आणि त्याच्या लगेच खाली त्या हसऱ्या मुलाचं. मधलं वर्षच नाही. तिथल्या माणसाला मी म्हटलं, इथे एक नाव कमी आहे. तो सौजन्यानं म्हणाला, "मॅडम, त्या वर्षी अवॉर्ड दिलं नसेल." मी मोबाईलवर तुमचा फोटो दाखवला, निळा ब्लेझर, हातात कप. त्यानं नीट पाहिला, त्याला खरंच वाईट वाटलं. "पण आता मधे जागाच नाही ना," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. तुमच्या जागेवर दुसरं नाव खोल कोरलेलं आहे. तेही नाव एक दिवस कुणी वाचणार नाही, पण आज ते आहे आणि तुम्ही नाही.

कशासाठी इतके खरे राहिलात, बाबा? कुणीही बघत नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं.

हे कुठं पाठवायचं नाही. आईलाही वाचून दाखवणार नाही, ती अजून त्या कपाबद्दल शेजारणींना सांगते. फक्त एक गोष्ट लिहायची राहिली. दुसऱ्यानं लिहिलं तरच खरं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते. कारागिराची शेड मागे दिसत होती. ती दुसरी मीच होते की, बाबा; मी कोरून घेतलं असतं. मला ते सुचलंच नाही.