आधी माझ्या पाया पडली

१९ जाने.
घरी हळदीकुंकू. शेजारची नवी सून आधी माझ्या पाया पडली, मग सुधाताईंच्या. ताई माझ्या मोठ्या जाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या! त्यांनी चूक सुधारली नाही, वर मला पाहून डोळा मिचकावला. वाण म्हणून त्यांनी सगळ्यांना पेप्टाइडवाल्या क्रीमच्या इवल्या ट्यूब वाटल्या. मी चहाच्या गाळण्या. जळफळाट झाला, दुसरं काय.

२० जाने.
लेक म्हणाली, "मम्मी, ताईजी सच में आपसे छोटी लगती हैं." पोट्टीला मराठी सगळं कळतं, टोचायचं मात्र हिंदीत.
ताई क्रीमवर थांबलेल्या नाहीत. वय थांबवायला पोटावर रोज पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या बारक्या तुकड्याचं, इंजेक्शनही घेतात. ऑफिसातल्या मैत्रिणीनं मागवून दिलं म्हणे.

२३ जाने.
फार्मसी कॉलेजात शिकवते, म्हणून दोन दिवस त्यावरचे रिसर्च पेपर वाचले. खोटं कशाला, वाईट काही सापडावं म्हणूनच वाचले. क्रीमचे अभ्यास छोटे, थोड्या आठवड्यांचे, बरेच विकणाऱ्यांच्याच पैशांवर. सुरकुत्या जराशा कमी होतात, हे कबूल. इंजेक्शनवाल्यांचं काम बहुतेक पेशींवर नि उंदरांवर. उंदीर तरणे झाले, पण त्यांच्या जावांचं काय झालं ते कोणी लिहीत नाही.

२४ जाने.
सापडलं. आणि आता नको वाटतंय. ताई घेतात ते पेप्टाइड उंदरांत नव्या रक्तवाहिन्या वाढवतं. जखम भरायला चांगलं. पण आत कुठे गाठ उरली असेल तर तिलाही पोसेल का? माणसांत कोणी नीट तपासलेलंच नाही.
तीन वर्षांपूर्वी ताईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. केमोला दर वेळी मीच सोबत, फाइलही माझ्याच हातात. त्यांचे केस गेले होते, माझे दाट. तेव्हा हेवा नव्हता. फार प्रेमळ होते मी तेव्हा.

२६ जाने.
ताईंना सुटी, म्हणून गेले. सांगितलं सगळं.
"तुले पाहवत नाही, म्हणून सांगून राहिली काय?"
"ताई, हे सुरक्षित आहे याचा पुरावाच नाही."
"वाईट आहे याचा हाय काय?"
"तोही नाही."
"मंग झालं त." चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "केमोत मी कशी दिसत होती, पाहिलं ना तू? आता जराशी चांगली दिसू दे मले."
चहा न पिताच उठले. पाहवत नाही हे खरं. भीती वाटते हेही खरं. पण पहिलं असताना दुसरं कोण ऐकणार?

३० जाने.
भावजींना सांगावं का? इंजेक्शनं बंद होतील. चार महिन्यांत त्या पुन्हा माझ्याहून मोठ्या दिसतील. या विचारानं बरं वाटलं आणि फोन ठेवून दिला.

२ फेब्रु.
ताईंचाच फोन. उद्या त्यांची कॅन्सरची तपासणी. "तूच चल माह्यासोबत. पण डॉक्टरले ते सांगशील नको."
"हव," म्हटलं. फाइल काढून ठेवली.
डॉक्टर दर वेळी विचारतात, "बाकी काही औषध चालू?" आणि उत्तरासाठी ताईंकडे नाही, माझ्याकडे पाहतात.